कडेच्या पाच विकला

बोरी बुद्रुकचं आमचं शेत कुकडीच्या अंगाला उतरत जातं. अगदी खालच्या कोपऱ्यात ओढा आहे आणि ओढ्याला टेकलेला आमचा नि चुलत्यांचा सामाईक बांध. त्या बांधावरून दोन घरांत मोठं भांडण कधी झालं नाही, पण दोघांच्याही मनात एक खडा होता. शेवटी आबा आणि नाना या दोघा भावांनी मिळून मोजणीचा अर्ज केला. मोजणीच्या दिवशी मी पुण्याहून मुद्दाम आले. मोजणीदारांकडे साखळी नव्हती. एक काठी, तिच्या टोकाला ताटलीएवढं पांढरं यंत्र, आणि हातात छोटा पडदा.

"साखळी कुठं राहिली?" आबांनी विचारलं.

"आता रोव्हर असतो, आबा. उपग्रहावरनं जागा कळते."

आबा माझ्याकडे बघायला लागले. वर आभाळात जे काही असेल ते माझ्या खात्यातलं, असा त्यांचा कायमचा हिशोब आहे. खरं तर उपग्रहांशी माझा काही संबंध नाही. पण त्या दिवशी त्या काठीकडे बघताना मला वाटलं की संबंध नाही असं म्हणणंही खरं नाही.

कारण उपग्रहांना तरी स्वतःची जागा कुठून कळणार? ते पृथ्वीभोवती फिरतात आणि खाली पृथ्वी स्वतःभोवती फिरते, तीही एकसारखी नाही. दिवस मिलिसेकंदाच्या हिशोबात कधी लांबतो, कधी आखडतो. पृथ्वीचा अक्षही जागच्या जागी राहत नाही, ध्रुवाजवळ काही मीटरच्या वेटोळ्यात तो हलत असतो. या क्षणी पृथ्वी नेमकी किती फिरली आहे हे उपग्रहांवरून कायमचं सांगता येत नाही. त्यासाठी पृथ्वीच्या पूर्ण बाहेरच्या आणि न हलणाऱ्या खुणा लागतात. त्या खुणा म्हणजे क्वेसार, अब्जावधी प्रकाशवर्षांवरच्या दीर्घिकांची धगधगती केंद्रं. इतकी लांब की त्यांची हालचाल आपल्याला दिसतच नाही. हजारो किलोमीटर अंतरावरच्या रेडिओ दुर्बिणी एकाच वेळी एकाच क्वेसारकडे बघतात, त्याची लाट कोणाकडे आधी पोचली हे मोजतात आणि त्यावरून पृथ्वीचा कोन ठरतो. तो कोन उपग्रहांच्या हिशोबात जातो आणि उपग्रहांचा हिशोब आमच्या बांधावरच्या काठीत उतरतो.

या खुणांच्या अवतीभवतीच माझं काम चालतं. रेडिओ दुर्बिणीने काढलेला आकाशाचा नकाशा आणि डोळ्यांच्या, म्हणजे प्रकाशाच्या दुर्बिणीने काढलेला नकाशा एकमेकांवर नीट बसवायचे. रेडिओत दिसणारा ठिपका प्रकाशात दिसणाऱ्या नेमक्या कोणत्या दीर्घिकेचा, हे ठरवायचं. ऐकायला किरकोळ वाटतं. पण रेडिओचा नकाशा एकटा असला तर त्यातला ठिपका किती दूर आहे, कशाचा आहे, यातलं काहीच कळत नाही. अंतर सांगतो तो प्रकाशाचा वर्णपट. दोन नकाशे जुळले तरच ठिपक्याला नाव-गाव मिळतं.

मी या कामात आले ती खोडदमुळे. आमच्या गावाबाहेरच्या चढावर उभं राहिलं की लांब अँटेना दिसायच्या. मी लहान होते तेव्हा त्या एकामागून एक उभ्या राहत होत्या. रेडिओ खगोलशास्त्रज्ञ गोविंद स्वरूप यांनी 1980 च्या दशकात जीएमआरटीची, म्हणजे या रेडिओ दुर्बिणीची, कल्पना मांडली आणि नव्वदच्या दशकात ती आमच्या जुन्नर तालुक्यात प्रत्यक्षात आली. 45 मीटर व्यासाच्या 30 अँटेना. त्यातल्या 14 खोडदजवळ एक किलोमीटरच्या परिसरात, उरलेल्या 16 इंग्रजी वाय अक्षरासारख्या तीन फांद्यांवर, उसाच्या आणि टोमॅटोच्या शेतांमधून पांगलेल्या. सगळ्यात दूरच्या दोन अँटेनांमध्ये साधारण 25 किलोमीटर. पत्र्याची भरीव बशी करायची तर वाऱ्याचा जोर पेलायला केवढा सांगाडा लागला असता. म्हणून पृष्ठभाग स्टीलच्या बारीक तारांच्या जाळीचा केला, वारा आरपार जातो. रेडिओलाटा मीटरच्या मापात लांब, त्यांना ती भोकं भिंतीसारखीच. शाळेत असताना 28 फेब्रुवारीला विज्ञान दिनी आम्हाला खोडदला नेत. बाईंनी डबे उघडायला लावले तरी मी वरच बघत होते, कारण सगळ्या अँटेना एकाच वेळी मान वळवत होत्या आणि एकीचाही आवाज आमच्यापर्यंत येत नव्हता.

गावात आणखी एक येणंजाणं होतं, ते कुकडीच्या काठावर. डेक्कन कॉलेजचे एस. एन. राजगुरू, रवी कोरिसेट्टर, शीला मिश्रा ही मंडळी बोरीच्या नदीकाठच्या थरांत काम करत होती. आमच्या काठाला ज्वालामुखीच्या राखेचा पांढुरका थर आहे आणि त्याच्या संगतीत आदिमानवाची दगडी हत्यारं मिळाली आहेत. आता मला त्या थरातली सर्वांत मोलाची गोष्ट वाटते ती त्याच्या वयाची. आर्गॉन वायूवर आधारलेल्या एका मापनाने सुमारे 14 लाख वर्षं दिली, पुढच्या मापनाने 6 लाख 70 हजार. राखेतल्या काचेचा रासायनिक ठसा तपासणाऱ्यांनी सांगितलं की ही सुमात्रा बेटावरच्या टोबा ज्वालामुखीच्या 74-75 हजार वर्षांपूर्वीच्या महास्फोटाची राख. नंतर काहींनी ती टोबाच्याच सुमारे 8 लाख वर्षांपूर्वीच्या जुन्या स्फोटाची असल्याचं मांडलं. थर एकच, काठ एकच, आणि आकडे असे लांब लांब. मी शिकत असताना हे वाचलं तेव्हा वाटलं होतं, यातला कोणीतरी एक चुकलाय, झालं. मोजमापाच्या कामात काही वर्षं काढल्यावर असं पटकन म्हणावंसं वाटत नाही. कोणी काय मोजलं, थरातला कोणता कण मोजला, हे आधी विचारावंसं वाटतं.

रेडिओ दुर्बीण जागा कशी सांगते, हे थोडं सांगायला हवं. पुढची सगळी गोष्ट त्यावर उभी आहे. दोन अँटेना लांब लांब उभ्या असल्या की तिरप्या दिशेने आलेली लाट एकीकडे आधी पोचते, दुसरीकडे मागाहून. किती मागाहून, यावरून दिशा कळते. पण तारेत, इलेक्ट्रॉनिक्समध्ये, वरच्या आयनोस्फियरमध्ये लाट आणखी थोडी रेंगाळते. हा उशीर कोणता आणि दिशेचा कोणता, हे वेगळं कसं काढायचं? म्हणून दर अर्ध्या-पाऊण तासाने सगळ्या अँटेना एका ओळखीच्या स्रोताकडे वळवतात. त्याला कॅलिब्रेटर म्हणतात. त्याची जागा आधीपासून ठरलेली, तेव्हा त्याच्या लाटेत जो जादा उशीर दिसेल तो आपल्या घरचा. तो वजा करायचा आणि परत आपल्या क्षेत्राकडे यायचं.

यात गोम अशी की कॅलिब्रेटरची जागा आपण मानून चालतो. ती यादीत एक विकला चुकीची असेल, तर नकाशातला प्रत्येक ठिपका एक विकला सरकतो, आणि नकाशात कुठेही काही बिघडल्यासारखं दिसत नाही. सगळे जण मिळून सरकले तर सरकल्याचं कळणार कोणाला? अंशाचा 60 वा भाग म्हणजे कला, 3600 वा म्हणजे विकला. पंचांगात आपण अंश, कला, विकला वाचतो, तीच ही.

जीएमआरटीने 2010 ते 2012 मध्ये 150 मेगाहर्ट्झवर आकाशाचा जवळपास 90 टक्के भाग पाहिला. त्या डेटावर नव्याने काम करून 2017 मध्ये जी यादी प्रसिद्ध झाली तिच्यात 6 लाख 20 हजार रेडिओ स्रोत आहेत. त्या नकाशाची सूक्ष्मता साधारण 25 विकलांची, आणि जागा साधारण दोन विकलांपर्यंत खात्रीच्या. 25 विकलांच्या ठिपक्याखाली प्रकाशाच्या छायाचित्रात पाच-सात दीर्घिका सहज असतात. ठिपक्याचा मध्य त्या ठिपक्याच्या रुंदीपेक्षा पुष्कळ नेमका काढता येतो, स्रोत जितका ठळक तितका जास्त नेमका. त्या मध्यावरच सगळी भिस्त.

आमच्या गटाने संग्रहातला 2014 सालचा डेटा घेतला होता. मिथुन राशीकडचं एक क्षेत्र, कन्या राशीतलं एक, आणखी काही. नकाशे काढायचे, ठिपके शोधायचे आणि प्रकाशाच्या याद्यांशी ताडून बघायचे. ताडणी माझ्याकडे होती. मी एक साधं चित्र करते. प्रत्येक जोडीसाठी एक बाण, प्रकाशातल्या जागेकडून रेडिओतल्या जागेकडे, लांबी शंभरपट वाढवलेली. नकाशे बरोबर बसले असतील तर बाण लहान असतात आणि वाटेल त्या दिशेला असतात, वाऱ्याने विस्कटलेल्या गवतासारखे.

मिथुनेतल्या क्षेत्राचं चित्र पडद्यावर आलं आणि मी खुर्ची पुढे ओढली. मध्यावर बाण जवळजवळ नव्हते. जसजसं कडेकडे जावं तसतसे ते लांबत होते आणि सगळे मिळून एका दिशेने गरगरत होते, जात्याच्या पाळीसारखे. मध्यापासून एका अंशावर पाच विकला. आमच्या कामाच्या मानाने पाच विकला म्हणजे शेजाऱ्याचं घर.

मी आयनोस्फियरला दोष दिला. तो द्यायला सोपा असतो. 150 मेगाहर्ट्झची लाट दोन मीटर लांब आणि वातावरणाच्या त्या विद्युतभारित थरात ती सहज वाकते. ठिपके मिनिटामिनिटाला हलतात, कधी कधी कलाभरसुद्धा. आपण विषुववृत्तापासून फार लांब नाही, आपल्यावरचा तो थर विशेष चंचल. मी तीन आठवडे दुरुस्त्या करत राहिले. शेवटी काहीच जमेना तेव्हा जे करू नये ते केलं. नकाशा साधारण पाच कला उलटा फिरवला. बाण मिटले. चित्र इतकं सुंदर दिसलं की मी ते बैठकीत दाखवलं.

आमच्या गटातल्या ज्येष्ठ बाई शांतपणे बघत होत्या. त्यांनी एकच विचारलं, "हे पाच कला आले कुठून?"

मला उत्तर देता आलं नाही. बाण मिटतात म्हणून, एवढंच माझ्याकडे होतं. त्या काही बोलल्या नाहीत, पण माझे कान तापले. ज्या आकड्याचं कारण आपल्याला सांगता येत नाही तो आकडा आपण आकाशाला चिकटवला, ही गोष्ट मला फार लागली. त्याच दिवशी मी कन्येतल्या क्षेत्रावर तोच फिरवण्याचा आकडा लावला, आणि तिथे आधी नसलेली गरगर सुरू झाली. म्हणजे कन्येत मुळात वळण नव्हतंच.

उत्तर आलं ते अनपेक्षित बाजूने. माझ्या शेजारी बसणारा सहकारी रत्नागिरीकडचा. ऑगस्टमध्ये त्याने गणपतीची रजा टाकली. आमच्याकडे गणपतीला अजून महिना होता. मी विचारलं तर म्हणाला, "आमच्याकडे टिळक पंचांग. आमचा गणपती या वर्षी आधी."

आम्ही चहा घेता घेता तो वाद उकरून काढला, आणि मला तो आजही मराठी माणसाने आकाशाबद्दल घातलेल्या वादांतला सगळ्यात खोल वाद वाटतो. वसंतसंपात, म्हणजे जिथून आकाशाचे अंश मोजायला सुरुवात करायची तो बिंदू, दरवर्षी सुमारे 50 विकला मागे सरकतो. अंशभर सरकायला जवळपास 72 वर्षं. निरयन पंचांगाला सरकणारा शून्य चालत नाही, ताऱ्याला खिळवलेला शून्य हवा. मग कोणत्या ताऱ्याला? रेवतीच्या योगताऱ्याशी शून्य मानायचा, की चित्रेच्या बरोबर समोर? लोकमान्य टिळक रेवतीच्या बाजूचे. व्यंकटेश बापूजी केतकर चित्रेच्या बाजूचे. दोन्हींत साधारण चार अंशांचा फरक. सूर्य दिवसाला जवळपास एक अंश चालतो, तेव्हा संक्रांत चार दिवस पुढे-मागे होते, त्यामुळे काही वर्षी अधिक महिना वेगळा पडतो, आणि एकाच महाराष्ट्रात गणपती महिन्याच्या अंतराने दोनदा येतो. केंद्र सरकारने नेमलेल्या मेघनाद साहा समितीने 1955 मध्ये चित्रेचा पक्ष घेतला, तरी टिळक पंचांग पाळणारी घरं पाळतातच. मला त्यात हट्ट दिसत नाही. आकाशात शून्य कुठेही कोरलेला नाही. तो माणसांनी एकमेकांशी बोलून ठरवायचा असतो.

कप खाली ठेवता ठेवता माझ्या डोक्यात ते वळण सुटलं. संपात सरकतो कारण पृथ्वीचा अक्ष डोलतो. अक्ष डोलला की आकाशाचा ध्रुवही सरकतो, वर्षाला सुमारे 20 विकला. ध्रुव सरकला की आकाशातल्या प्रत्येक ठिकाणची उत्तर दिशा थोडी वळते. पण सगळीकडे सारखी नाही! मिथुनेकडे जास्तीत जास्त वळते, कन्येत संपाताच्या समोरच्या बिंदूजवळ अजिबात नाही. मिथुनेत 14 वर्षांत ती किती वळेल याचा हिशोब मी चहाच्या बिलामागे केला. पाच कला.

चूक माझीच होती, आणि अगदी एका ओळीत होती. आकाशाचे आकडे 2000 सालच्या उत्तरेने लिहिण्याचा प्रघात आहे, त्याला जे2000 म्हणतात. माझ्या रूपांतराच्या प्रोग्राममध्ये अँटेनांची मांडणी निरीक्षणाच्या दिवसाच्या, म्हणजे 2014 च्या उत्तरेने मोजली जात होती, आणि नकाशाच्या माथ्यावर मात्र मी जे2000 असं लिहून मोकळी झाले होते. मध्याची जागा वेगळीकडून येत होती, म्हणून मध्य बरोबर. कडा मात्र 14 वर्षांनी वळलेल्या. ती ओळ बदलली, नकाशे पुन्हा काढले. गरगर गेली, आणि या वेळी मला तिचं कारण सांगता येत होतं. मी बाईंच्या खोलीत जाऊन सांगितलं. त्यांनी बिलामागचा हिशोब मागून घेतला आणि सावकाश, ओळीन् ओळ तपासला.

त्या आठवड्यापासून मी हे दोन नकाशे जुळवण्याचा इतिहास वाचायला लागले. आधी ते मला फक्त कोष्टक वाटायचं. रेडिओच्या जगात लाट कोणाकडे किती आधी पोचली एवढंच मोजतात. ठिपक्या-ठिपक्यांमधली अंतरं त्यातून विलक्षण नेमकी येतात, पण आख्खं आकाश पूर्व-पश्चिम थोडं फिरवलं आणि पृथ्वीही तेवढीच फिरलेली मानली, तर मोजमापात काही बदलत नाही. शून्य बाहेरून आणावा लागतो. रेडिओला तो चंद्राने आणून दिला. कन्या राशीतल्या 3सी 273 या स्रोताला 1962 मध्ये चंद्राने अनेकदा झाकलं. ऑस्ट्रेलियातल्या पार्क्सच्या दुर्बिणीने ती पिधानं टिपली. चंद्राची कड त्या क्षणी कुठे आहे हे ताऱ्यांच्या यादीवरून ठाऊक होतं, तेव्हा रेडिओ स्रोत कोणत्या क्षणी विझला यावरून त्याची जागा मिळाली. पुढच्याच वर्षी मार्टेन श्मिट यांनी तो क्वेसार असल्याचं ओळखलं. आणि पुढे रेडिओच्या याद्या बांधल्या गेल्या तेव्हा सुरुवातीचा विषुवांशाचा शून्य चंद्रपिधानावरून काढलेल्या या 3सी 273 च्या जागेवरच टेकवलेला होता. आपल्याकडे उटीला गोविंद स्वरूप यांनी डोंगराच्या उतारावर 530 मीटर लांबीची दुर्बीण 1970 मध्ये उभी केली ती याचसाठी. चंद्र स्रोताला झाकतो तो क्षण पकडायचा आणि रेडिओ स्रोताची जागा, त्याचा आकार काढायचा. खोडदच्या अँटेना ज्यांनी उभ्या केल्या त्यांच्या हाताला आधी ही सवय लागलेली होती.

1998 मध्ये आकाशाची अधिकृत चौकट रेडिओच्या क्वेसारांची झाली. पहिल्या यादीत 608 स्रोत होते, त्यातले 212 पायाचे. 2019 पासून लागू झालेल्या तिसऱ्या यादीत 4536, पायाचे 303. प्रकाशाच्या बाजूला हिप्पार्कोस उपग्रहाने एक लाख अठरा हजार तारे विलक्षण नेमके मोजले, पण त्याला क्वेसार दिसायचे नाहीत, एकटा 3सी 273 सोडून. सगळ्या ताऱ्यांची आपसातली अंतरं पक्की, आणि आख्खा गोल मात्र कसाही वळवता येण्यासारखा, शिवाय हळूहळू फिरतही असेल. मग जे थोडे तारे रेडिओतही चमकतात ते शोधले, ययातीतला अल्गोल त्यातलाच, आणि त्यांच्या आधाराने हिप्पार्कोसचा गोल रेडिओच्या गोलावर बसवला. मला त्या कामाबद्दल फार आदर वाटतो. लाखभर ताऱ्यांचं वजन बोटांवर मोजण्याइतक्या ताऱ्यांनी पेललं.

नंतर गाया आला. 2013 च्या डिसेंबरात निघालेल्या या उपग्रहाने निरीक्षणं थांबवली ती 2025 च्या जानेवारीत. त्याला क्वेसार दिसत होते, थोडेथोडके नाही तर सोळा लाख. त्यातले तीन हजारांहून जास्त रेडिओच्या यादीतही होते. आता दोन्ही नकाशे विकलेच्या हजाराव्या भागाहूनही बारीक ताडता येऊ लागले. आमच्या काठाला ज्या टोबाची राख पडली असं म्हणतात, त्याच्या मुखातलं तळं इथून सव्वातीन हजार किलोमीटरवर आहे. त्याच्या काठावर कोणी रुपयाचं नाणं उभं धरलं, तर बोरीतून ते जेवढ्या कोनात दिसेल, तो कोन विकलेच्या हजाराव्या भागाहून थोडाच मोठा. एवढं बारीक.

आणि एवढं बारीक बघितल्यावर काही क्वेसार जुळेनात. आकडेवारीच्या मर्यादेच्या पलीकडे, ठाम जुळेनात. 2017 मध्ये युरी कोव्हालेव, लिओनिद पेत्रोव आणि अलेक्झांडर प्लाविन यांनी त्या फरकांची दिशा तपासली. तेही माझ्यासारखे बाणच बघत होते म्हणायचं. बाण वाटेल तिकडे नव्हते. क्वेसारच्या केंद्रातून जो झोत बाहेर फेकला जातो त्याच्या रेषेत ते पडत होते, पुढे किंवा मागे. रेडिओला झोताच्या मुळाजवळची एक जागा ठळक दिसते, प्रकाशाला कृष्णविवराभोवतीची तबकडी किंवा झोताचा पुढचा उजळ भाग. एकाच वस्तूची दोन टोकं. फरक मोजमापाचा नव्हता, वस्तूच्या अंगाचा होता.

माझ्या कामात हे रोज दिसतं, फक्त कितीतरी ढोबळ मापात. रेडिओ दीर्घिकेचे दोन फुगे दोन बाजूंना पसरलेले असतात आणि जिने ते फेकले ती दीर्घिका मधोमध, रेडिओत जवळजवळ गप्प. 25 विकलांच्या ठिपक्याचा मध्य काढला तर तो कधी एका फुग्याकडे झुकतो, कधी नुसत्या काळोखात पडतो. यंत्राला सांगितलं की जवळची दीर्घिका जोडून टाक, तर ते कुठलीतरी परकी दीर्घिका आणून चिकटवतं. म्हणून असे ठिपके मी हाताने बघते. यादीत दोन्ही जागा लिहिते, रेडिओची वेगळी, प्रकाशाची वेगळी, दोन रकाने. एकच रकाना ठेवा म्हणणारे भेटतात. मी ठेवत नाही.

तर, बांध. रोव्हरची रेघ आबांनी जपून ठेवलेल्या टिपणाच्या नकलेशी ताडली. ते टिपण शंकू-साखळीच्या काळातलं, 33 फुटांची साखळी, तिचे 16 आणे. वरच्या टोकाला, रस्त्याकडे, दोन्ही रेघा एक. ओढ्याच्या टोकाला सहा-सात फुटांचा फरक. मध्य बरोबर आणि कड चुकलेली, हे पाहून माझ्या पोटात गलबललं. पण ही गरगर नव्हती. रेघ निम्म्यापर्यंत सरळ जुळत होती आणि शेवटच्या तुकड्यात एकदम फाटत होती.

मोजणीदार जेवायला बसले तेव्हा मी आबांना सांगितलं की आपली जमीन वर्षाला साधारण पाच सेंटिमीटर ईशान्येला सरकते, सगळ्या हिंदुस्थानासकट. चाळीस वर्षांत दोन मीटर.

"मग फरक त्याचाच का?"

"नाही. नानांचं शेतही तेवढंच सरकलं. बांध आपल्याबरोबर आला."

आबांनी भाकरीचा तुकडा हातात तसाच धरून थोडा विचार केला. "बरोबर आहे," ते म्हणाले. "दोघंही एकाच बैलगाडीत."

दुपारनंतर नाना टिपणावर बोट ठेवून उभे होते. ओढ्याकडच्या टोकाशी खूण लिहिली होती ती ओढ्याच्या काठाची. नाना ओढ्याकडे बघत म्हणाले, "पण ओढा हितं नव्हता." आबा म्हणाले, "नव्हताच." दोघंही एका पावसाळ्याबद्दल बोलत होते, माझ्या जन्माआधीच्या. त्या पावसात पाणी शेतात शिरलं होतं आणि उतरल्यावर ओढ्याने आपली वाट बदलली होती. साखळीवाल्यांनी तेव्हाचा काठ बरोबर मोजला होता. काठी घेऊन आलेल्यांनी आजचा.

"जांभूळ होतं की काठाला," नाना म्हणाले.

दोघं भाऊ घाणेरीच्या जाळीत शिरले. मोजणीदार, मी आणि नानांचा मुलगा मागे. बराच वेळ काही दिसेना. मग आबांनी पायाने माती उकरली आणि काळं, भेगाळलेलं खोड वर आलं, मुळं ओढ्याकडे गेलेली, जिथे आता ओढा नव्हता. मोजणीदारांनी त्याच्यावर काठी टेकवली, पाण्याचा बुडबुडा मधोमध येईपर्यंत थांबले, आणि पडद्यावर नोंद करायला लागले.

"खूण कशाची लिहू?"

"खोड लिहा," आबा म्हणाले.

"जांभळीचं खोड लिहा," नाना म्हणाले.